उलट्या झाकणातला पेला

परवा धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, चुकून लागलेले शोध असा आमचा प्रोजेक्ट आहे. तुमच्या घरी कधी असं काही सापडलं का गं?" मग तिने मला तिची यादी वाचून दाखवली. खिशातलं चॉकलेट वितळलं म्हणून मायक्रोवेव्ह. धड चिकटेना अशा डिंकातून त्या पिवळ्या चिठ्ठ्या. विसरलेल्या बशीत आलेल्या बुरशीतून औषध. मी म्हटलं, "रेंज जातेय बाळा," आणि फोन ठेवून दिला.

रेंज चांगली होती. आपल्या घरी तसं एक सापडलं होतं, पण ते सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागली असती, आणि ती तोंडाने सांगायला मला जमलं नसतं. म्हणून लिहिते आहे. मोठ्या दादाने हे धाकटीला वाचून दाखवावं. तिला जोडाक्षरं अजून अडतात.

तुम्ही दोघं इथे शेवटचे येऊन गेलात त्यानंतरच्या थंडीतली ही गोष्ट. आपल्या भागात तेव्हा जमीन हलत होती. एकदा हलून थांबली असती तर माणसं घाबरली असती आणि विसरली असती. ही रोज हलायची. कधी दिवसातून चारदा, कधी दोन दिवस नाही, की पुन्हा. आधी लांब कुठे दगडांचा ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज, मग दाराची कडी, मग डोक्यावरची कौलं. "राम" म्हणेपर्यंत सगळं संपलेलं असायचं. वेवजीकडच्या पाड्यांवर लोकांनी अंगणात ताडपत्र्या बांधल्या होत्या. शाळा झाडाखाली भरत होती. तलासरीच्या बाजारात भाजी घेताना लोक भाव विचारायच्या आधी विचारायचे, "तुमच्याकडे सकाळचा लागला का?"

आपलं घर विटांचं आणि वर मंगलोरी कौलं. आजोबांनी नोकरीत असताना ते स्वतः उभं राहून बांधून घेतलं, त्यामुळे ते पडू शकतं हे त्यांना पटतच नव्हतं. त्या थंडीआधीच्या पावसाळ्यात ते विहिरीच्या चौथऱ्यावर घसरले होते आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. चाकाच्या खुर्चीत बसवून हलवता यायचं, पाऊल टाकता येत नव्हतं. त्यांचं वजन तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही दोघं मिळून त्यांना झोपाळ्यावरून ढकलू शकला नव्हतात.

गुजरातच्या हद्दीतून एक गवंडी आला. शिडी लावून वर चढला, आढ्याला बोटाच्या पेराने ठोकलं आणि खाली उतरला. आढं म्हणजे छपराच्या मधोमध जाणारं मुख्य लाकूड. सगळी कौलं शेवटी त्याच्या जिवावर असतात.

"बेन," तो म्हणाला, "आढ्याचं टोक भिंतीवरून सरकलंय. चार बोटं टेकलंय, बस."

"कधी दुरुस्त कराल?"

"संक्रांतीनंतर. आखुं गाम लाइनमां छे, सगळं गाव रांगेत आहे."

त्या चार बोटांच्या बरोबर खाली आजोबांची खाट होती.

मग दुसऱ्या खोलीत का नाही नेलं, असं मोठा विचारेल. दुसऱ्या खोलीच्या भिंतीला खिडकीपासून वरपर्यंत तडा गेला होता. स्वयंपाकघरात खाट मावत नाही. ओटीवर वारा, आणि ऑपरेशननंतर आजोबांच्या छातीत कफ धरत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की न्यूमोनिया झाला तर खुबा राहील बाजूला. तरी एक दिवस आम्ही अंगणात ताडपत्रीखाली खाट टाकली. सकाळी दव गळत होतं, दुपारी आत भट्टी झाली आणि संध्याकाळी त्यांना ताप भरला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मला माझ्या छपराखाली ने. मरायचं तर कोरड्या अंथरुणात मरेन." हे ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

मी घड्याळ लावून पाहिलं. खाटेवरून खुर्चीत, उंबरठ्यावर फळी टाकून ओटीवर, ओटीवरून दुसऱ्या फळीने अंगणात. दोघींनी मिळून अडीच मिनिटं. आणि धक्का लागतो "राम" म्हणेपर्यंत. हे गणित मी दिवसभर मनात मांडत असे आणि ते कधीच सुटत नसे.

दोघींतली दुसरी म्हणजे आपली मावशी. मागच्या पाड्यावरून सकाळी घरकामाला येते, दुपारी जाते, आणि तुमचा बाबा कॉलेजात होता तेव्हापासून येते आहे. हाडकुळी आहे, पण आजोबांना काखेत हात घालून उचलते तेव्हा त्यांचा श्वासही चुकत नाही. माझं आणि तिचं वीस वर्षांत एकाच गोष्टीवरून भांडण. पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा आहे ना, तिवईवरचा, त्याचं झाकण ती उलटं ठेवायची. घुमटासारखं झाकण, ते वाटीसारखं उताणं, आणि त्या वाटीत पाणी प्यायचा, कान असलेला पितळी पेला उभा. मी झाकण सुलटं करून पेला खुंटीला अडकवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"अगं, किती वेळा सांगू?"

"आमच्यात असाच ठेवतात बाई. पेल्याचे थेंब झाकणात पडतात. खाली चिखल नाय होत."

"इथे फरशी आहे. चिखल कुठला होतोय?"

"मग फरशी ओली होते. ती पुसायची कोणी? मीच ना?"

तरी मी पेला खुंटीला अडकवायची. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर, हे मी इतक्या मुलांना घोटवून घेतलं की स्वतः तसंच जगल्याशिवाय मला चैन पडत नसे.

त्या दिवसांत मी निम्मा वेळ आजोबांच्या खोलीत असे, त्यामुळे झाकण बरेचदा तिच्या मनासारखं राहायचं. एका दुपारी स्वयंपाकघरातून किणकिण ऐकू आली. बारीक, सलग, कुणी बांगडीने पेला वाजवावा तशी. मी जाऊन पाहिलं तर कोणी नाही. पेला झाकणात नुसता थरथरत होता, माझ्या पायांना काहीही कळत नव्हतं. उंदीर असेल म्हणून मी झाकण सुलटं केलं. चहा उकळून गाळला, आजोबांना कप दिला आणि धक्का लागला. एक कौल सरकून लोंबकळलं.

दोनच दिवसांनी पुन्हा तसंच. या वेळी मावशी भांडी घासत होती.

"बाई, पेला बोलला," ती दारातून म्हणाली. "काकांना बाहेर घ्या."

"पेला बोलत नसतो."

"त्या दिवशीपण बोलला होता. तुमीच सांगितलात, उंदीर म्हणून. उंदीर काय पेला वाजवत बसतो?"

"महामार्गावर कंटेनर जातात, त्याने हलत असेल. उगाच त्यांना उचलून पुन्हा कळ लावायची?"

तिने हात पुसले आणि खाटेपाशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने जमीन हलली, जेमतेम, कडी वाजण्याइतकी. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "योगायोग." हा शब्द मी इतक्या जोरात उच्चारला की आजोबा खाटेवरून म्हणाले, "मास्तरीणबाई, वर्ग सुटला."

आता माझी चूक. त्याच आठवड्यात मी तो हंडा तलासरीला भांडीवाल्याकडे पाठवला. त्याच्या बुडाला जुना पोचा होता आणि तो तिवईवर किंचित डुगडुगायचा. सगळं घर डुगडुगत असताना निदान एक वस्तू तरी मला नीट करून हवी होती. भांडीवाल्याने पोचा काढला, वर चिंचेने चकचकीत करून दिला. मी हंडा तिवईवर बसवला, झाकण सुलटं घातलं, पेला खुंटीला लावला आणि मावशीला म्हटलं, "आता याला हात लावायचा नाही. मी सांगते म्हणून."

"बरं," ती म्हणाली.

चार दिवस शांत गेले. पाचव्या दिवशी जेवणाआधी आजोबा औषधाची गोळी घ्यायला कोपरावर उठून बसले. गोळी त्यांच्या हातातून पडली. ती उचलायला ते खाटेच्या कडेला वाकले आणि जमीन हलली. तीन कौलं आणि त्यांच्याखालच्या लाकडी रिपेचा एक तुकडा त्यांच्या उशीवर येऊन फुटला. धूळ बसेपर्यंत मला त्यांचं डोकं दिसत नव्हतं. मग खाटेच्या कडेवरून आवाज आला, "गोळी सापडली."

आम्ही त्यांना अंगणात नेलं. मावशीने उशी झटकली, खापऱ्या केरसुणीने गोळा केल्या. मग स्वयंपाकघरात गेली, झाकण उलटं केलं, त्यात पेला ठेवला आणि घरी गेली.

पेला वाजला नाही. दुसऱ्या दिवशी दोन छोटे धक्के लागले, अंगणात बसलेल्या आजोबांना खुर्चीत जाणवले, पेला मात्र गप्प. तेव्हा माझ्या लक्षात आलं. झाकण आणि पेला एवढंच नव्हतं ते. बुडाचा पोचाही त्यात होता. हंडा डुगडुगत होता म्हणून झाकण हलत होतं, झाकण हलत होतं म्हणून पेला बोलत होता. आणि तो पोचा मी हौसेने काढून आणला होता.

आजोबांना पुन्हा ताप नको म्हणून दुपारी आत घेणं भाग होतं. वर फुटक्या कौलांच्या जागी ताडपत्री, आणि आढं त्याच चार बोटांवर. मी मावशीला म्हटलं, "मला तो पेला पुन्हा बोलता करून दे."

"मी कुठे बोलता केलेला? मी तर थेंबांसाठी ठेवायची."

"तरी."

मग आम्ही दोघी म्हाताऱ्या बायका दोन दिवस तो हंडा घेऊन बसलो. ती अंगणाच्या पार टोकाला, चिकूच्या झाडापलीकडे जाऊन मुसळाने जमीन ठोकायची. मी हंड्यापाशी कान लावून बसायची आणि ओरडायची, "नाही!" हंडा काठोकाठ भरला तर झाकणाचा आवाजच निघेना. रिकामा केला तर मी खोकले तरी वाजायचा. तिवई भिंतीला टेकवली तर मुका. पेला काचेचा ठेवून पाहिला, स्टीलचा ठेवून पाहिला. आजोबा आतून विचारायचे, "लागला का शोध?" एकदा मावशी मुसळ टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, शेजारी म्हणत असतील, धरणी हलायची थांबत नाय न् ह्या बाया वरून ठोकतायत."

शेवटी तिनेच हंड्याच्या बुडाखाली एका बाजूला एक चिंचोका सरकवला. हंडा अर्ध्याहून थोडा कमी भरलेला, झाकण उताणं, पेला पितळेचा. ती चिकूपलीकडे गेली, मुसळ उचललं.

किणकिण झाली.

मी "हो" म्हणायचंच विसरले. ती तिकडे ठोकत राहिली आणि मी इकडे रडत राहिले, तेव्हा आजोबांनीच हाक मारून तिला थांबवलं.

बोलत्या पेल्याने आम्हाला सुख दिलं असं समजू नका. तो कशानेही बोलायचा. जड कंटेनरने, शेजारच्या ट्रॅक्टरने, एकदा तर दोन बैल अंगणातून गेले त्याने. प्रत्येक वेळी आजोबांना उचला, फळ्या टाका, बाहेर न्या. प्रत्येक वेळी खुब्यात कळ. तिसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही त्यांना चारदा बाहेर नेलं होतं आणि चारही वेळा काही झालं नव्हतं. पाचव्यांदा पेला वाजला तेव्हा साडेअकरा झाले असतील. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं आणि ते शब्दकोडं सोडवत होते.

"अहो, चला."

"नाही."

"पेला वाजतोय."

"वाजू दे. तो ट्रक आहे. मी काही पालखीतला देव नाही दिवसभर मिरवायला. जे व्हायचं ते इथे होऊ दे."

पेला थांबला. मग पुन्हा वाजायला लागला, आधीपेक्षा बारीक. मी त्यांचा हात धरला, त्यांनी सोडवून घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी असा हात कधी सोडवून घेतला नव्हता. मी वर पाहिलं. आढ्याच्या टोकाखालून भिंतीची भुकटी झरत असल्यासारखी वाटली, किंवा ती उन्हातली धूळ असेल. मला आता ठरवता येत नव्हतं की मी भ्याले आहे की शहाणी झाले आहे.

मावशी पदर खोचून पुढे झाली. "काका, तुमी येता का मी पाठुंगळी मारू? मारीन हां. मग बाजारात सांगन, साहेबांना मीच वाहून आणलं. आणि लय जड हाय म्हणून पण सांगन."

आजोबांच्या मिशीचं टोक हललं. "ही सांगेल," ते मला म्हणाले.

"आशागडपर्यंत सांगन."

"आण ती खुर्ची."

आम्ही त्यांना चिकूखाली नेऊन बसवलं. शब्दकोडं त्यांनी सोडलं नव्हतं. आणि मग काहीच झालं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ऊन सरकलं तशी खुर्ची सरकवली. पेला केव्हाचा गप्प झाला होता. मावशी आत जाऊन भात उतरवून आली. तिच्या प्रत्येक आत जाण्याला माझा जीव वर खाली होत होता, आणि ते तिला सांगायची मला लाज वाटत होती, कारण दोन आठवड्यांपूर्वी मीच "योगायोग" म्हटलं होतं.

"झालं समाधान?" आजोबा म्हणाले. "पाचव्यांदा. आता मला आत ने. पाठ भरून आली."

"अजून थोडं बसा."

"किती थोडं? तुझ्या पेल्याने वेळ सांगितली आहे का?"

ते बरोबर होतं. मी खुर्चीचा ब्रेक काढला. मावशी फळीपाशी उभी होती. तिने मान हलवली, नाही म्हणून. मी थबकले. माझे हात खुर्चीच्या मुठींवर होते, चाकं घराकडे वळली होती, आणि मी त्या पाड्यावरच्या बाईकडे पाहत होते, शाळेत वर्गातली मुलं माझ्याकडे पाहायची तशी.

"जेवून जाऊ दे," ती म्हणाली. "भात इथंच आणते."

"आत जाऊ नकोस," मी म्हटलं. ती थांबली.

तेवढ्यात तो ट्रक रिकामा झाल्याचा आवाज आला. पायांखालून काहीतरी गेलं. आजोबांनी माझं मनगट पकडलं. घरातून आधी कौलांची सर खाली आल्याचा आवाज, मग एक जड, बसका आवाज, मग धूळ दारातून बाहेर आली. चिकूची चार फळं आमच्याभोवती पडली.

बऱ्याच वेळाने मावशी ओटीपर्यंत जाऊन खिडकीतून डोकावली. परत आली.

"खाट?" आजोबांनी विचारलं.

"नाय राहिली."

दुसऱ्या हातातली पेन्सिल त्यांनी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवली. नंतर म्हणाले, "माझा चष्मा आत राहिला असता." चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

काही दिवसांनी जमिनीचे धक्के मोजणारं यंत्र तपासायला एक तरुण मुलगी गावात आली होती. तिला मी हंडा दाखवला. तिने चिंचोका हातात घेऊन पाहिला आणि मोकळेपणाने सांगितलं, "आजी, मोठा धक्का कधी येणार हे हा सांगू शकत नाही. तेवढं आमचं यंत्रही सांगू शकत नाही. तुमच्या पायांना न कळणारे बारीक धक्के याला कळतात, एवढंच. त्या दिवशी मागून मोठा आला. नसताही आला." मी हे तसंच्या तसं लिहिते आहे, म्हणजे धाकटी प्रोजेक्टमध्ये काही भलतंच लिहिणार नाही. आजोबा वाचले त्यात पेल्याचा वाटा होता, मावशीच्या मान हलवण्याचा होता आणि नशिबाचाही होता. कोणाचा किती, ते मला मोजता येत नाही.

शोध कोणाच्या नावावर लिहायचा, हे मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "पेला ठेवायची रीत हाय ती. शोध कसला?" मग थोडं थांबून, "पण बाई, पोचा कोणी काढला ते पण लिवा." तर ते लिहिलं.

आता छपराला लाकडी आढ्याऐवजी लोखंडी कैच्या आहेत, वर हलके पत्रे, आणि आजोबा काठी घेऊन विहिरीपर्यंत जातात. जमीन अधूनमधून हलतेच. हंडा त्याच तिवईवर आहे, अर्ध्याहून कमी भरलेला, खाली चिंचोका. मे महिन्यात याल तेव्हा पाणी प्यायल्यावर पेला खुंटीला अडकवू नका आणि झाकण सुलटं करू नका. मी स्वतः कधी करताना दिसले तर मावशीला हाक मारा.